‘जीव घाबरा होतोय’ म्हणजे काय?

समजा, तुमची आजी पुण्याहून अर्विंगला आली आहे. रात्री जेवण झाल्यावर ती म्हणते, “बाळा, माझा जीव घाबरा होतोय.” तुम्ही सगळे लगेच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाता. आई गाडी लावायला गेली आहे. आजीजवळ फक्त तुम्ही आहात. नर्स विचारते, “यांना काय होतंय?” तुम्ही पटकन इंग्रजीत सांगता, “ती घाबरली आहे.”

इथेच गडबड होते. ‘जीव घाबरा होणे’ म्हणजे नुसती भीती वाटणे नव्हे. अस्वस्थ वाटणं, छातीत धडधडणं, श्वास पुरत नाही असं वाटणं, हे सगळं त्यात येतं. हार्ट अटॅकमध्येही असं होऊ शकतं. बायकांना तर कधीकधी छातीत फारसं दुखतही नाही. धाप लागते, मळमळतं, पाठ किंवा जबडा दुखतो.

आता नर्सच्या बाजूने बघा. खोलीबाहेर पेशंटची रांग आहे. समोर परदेशातून आलेल्या, इंग्रजी न बोलणाऱ्या आजी आहेत. “नवीन जागा आहे, म्हातारं माणूस आहे, घाबरली असेल,” असं तिच्या मनात येतं. ती वाईट नाही. तिने फक्त घाईत अंदाज बांधला. माणसाला नीट ओळखण्याआधीच आपण जे मत बनवतो, त्याला पूर्वग्रह म्हणतात. तो आपल्या सगळ्यांच्या मनात असतो, आणि बऱ्याचदा आपल्याला कळतही नाही. पण हॉस्पिटलमध्ये चुकीचा अंदाज जिवावर बेतू शकतो.

हे नुसतं ‘समजा’ नाही. 2016 साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 222 गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही प्रश्न विचारले. ‘काळ्या लोकांची कातडी जाड असते’ यासारख्या खोट्या समजुतींपैकी निदान एक तरी त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या जणांना खरी वाटत होती. असं मानणाऱ्यांनी काळ्या पेशंटचं दुखणं कमी धरलं. अमेरिकेत बाळंतपणाशी संबंधित कारणांनी काळ्या स्त्रिया गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात मरण पावतात.

म्हणून काही राज्यांनी कायदे आणि नियम केले. कॅलिफोर्नियात 2020 पासून बाळंतपणाच्या विभागातल्या डॉक्टर-नर्सना पूर्वग्रहाबद्दल प्रशिक्षण घ्यावं लागतं. मिशिगनमध्ये 1 जून 2022 पासून नवीन लायसन्स हवं असेल तर 2 तासांचं, आणि नंतर दर वर्षाला 1 तासाचं प्रशिक्षण लागतं. जनावरांच्या डॉक्टरांना मात्र त्यातून सूट आहे! मिशिगनचा नियम टेक्ससला लागू नाही. पण सक्तीचं प्रशिक्षण टेक्ससला नवीन नाही. माणसांची तस्करी कशी ओळखावी, हे पेशंटना तपासणाऱ्यांनी शिकावं, असा कायदा टेक्ससने 2019 मध्ये केला.

सगळ्यांना ही सक्ती पटत नाही. “आम्हाला आधीच दोषी ठरवताय का?” असं काही डॉक्टर विचारतात. कॅलिफोर्नियात तर 2023 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. दुसरी शंकाही खरी आहे. तासाभराच्या वर्गाने डॉक्टरांचं वागणं बदलतं, हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पोहण्यावरचं भाषण ऐकून कुणाला पोहता येतं का? वर्गात आपली चूक कशी होते ते कळतं. पण ती टाळायची तर रोजच्या कामाची पद्धतही बदलावी लागते.

त्यातली एक पद्धत म्हणजे दुभाषा. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलने इंग्रजी न येणाऱ्या पेशंटला दुभाषा फुकट द्यायचा असतो. तो फोनवर किंवा व्हिडिओवरही असू शकतो. मुलांकडून हे काम करून घ्यायचं नसतं. फक्त अगदी तातडीच्या वेळी, दुभाषा मिळेपर्यंत चालतं.

मग त्या रात्री तुम्ही काय करायचं? तीन गोष्टी लक्षात ठेवा.

1. “आम्हाला मराठी दुभाषा हवा आहे,” असं स्पष्ट सांगा.
2. दुभाषा येईपर्यंत अंदाजाने अर्थ लावू नका. आजीला विचारा, “म्हणजे नक्की काय होतंय? कुठे दुखतंय? धाप लागतेय का?” ती सांगेल तेवढंच सांगा.
3. आजी डॉक्टरांना “हो, हो” म्हणते, ते कधीकधी फक्त मान राखायला. तिला खरंच समजलं का, ते तिच्याकडून वदवून घ्या.

पूर्वग्रह फक्त डॉक्टरांचाच असतो असं नाही. “आजी उगाच घाबरते,” असं आपणही घरी म्हणतोच ना?

शब्दार्थ
पूर्वग्रह – आधीच बनवलेलं मत
दुभाषा – एका भाषेतलं बोलणं दुसऱ्या भाषेत सांगणारा माणूस
सक्ती – करायलाच हवं असा नियम
जिवावर बेतणे – जीव जाण्याची वेळ येणे
वदवून घेणे – एखाद्याला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावणे

विचार करा आणि लिहा
1. ‘जीव घाबरा होणे’ आणि ‘घाबरणे’ यांत काय फरक आहे?
2. डॉक्टर-नर्सना हे प्रशिक्षण सक्तीचं असावं का? तुमचं मत पाच वाक्यांत लिहा.
3. ‘पायाला मुंग्या येतात’ हे आजीचं वाक्य डॉक्टरांना कसं समजावून सांगाल? आधी घरी विचारा.