मूकपटातील मर्दानी नट : मास्टर विठ्ठल

बोलपट पाहतच लहानाच्या मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला नट म्हणजे संवाद फेकणारा माणूस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चित्रपटातील नट आरंभी मुका होता. जे सांगावयाचे ते त्याला अंगानेच सांगावे लागे.

अमेरिकेत १९०३ साली ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ निघाला आणि पुढे घोडदौडीच्या पटांची लाटच आली. या पटांना स्वार कोठून मिळाले? पुष्कळसे गुरांच्या कळपांमागून! मोकळी कुरणे कुंपणांनी बंद होत गेली, तसे बेकार गुराखी हॉलिवूडच्या दारी रोजंदारीसाठी उभे राहू लागले. याकिमा कनट हे असेच एक कसलेले घोडेस्वार. नामांकित नटांच्या जागी त्यांनी जिवावरच्या उड्या घेतल्या आणि १९६७ साली त्यांना मानाचे ऑस्कर मिळाले.

आपल्याकडे हा मान मास्टर विठ्ठल यांचा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते फिल्म जोडण्याचे काम करीत. ‘कल्याण खजिना’ (१९२४) मध्ये प्रथम पडद्यावर आले, तेही नर्तकीच्या वेषात! पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या साहसपटांत त्यांची तलवार अशी तळपली की लोक त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले.

‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटासाठी त्यांनी शारदा सोडली. करारभंगाचा खटला झाला. विठ्ठल यांची बाजू बॅ. जिनांनी मांडली व ते सुटले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये पट झळकला. परंतु विठ्ठल यांना उर्दू उच्चार साधेनात, म्हणून बऱ्याच प्रसंगांत त्यांना बेशुद्ध वा गुंगीत दाखविले, असे सांगतात. पुढे ते मराठी चित्रपटांत भूमिका करीत राहिले. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

तलवार तीच, मनगट तेच. बदलली ती फक्त कसोटी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते. शंकरपटात उधळलेली बैलजोडी आवरणारा आमच्याकडचा धुरकरी चार माणसांत बोलताना अडखळतो, आणि आपण शिकलेले लोक लगेच त्याला अडाणी ठरवितो. जीभ अडली म्हणजे माणसाचे ज्ञानही अडले, असे नव्हे.

दुर्दैव असे की भारतातील शेकडो मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. अंगाने बोललेली भाषा कोणी लिहून ठेवली नव्हती. फिल्म गेली, तशी तीही गेली. आपल्या गावातील असे कसब डोळ्यांदेखत आहे, तोवर तरी आपण शिकलेल्यांनी ते टिपून ठेवावयास नको का?