लाखात 24, की लाखात 425?

पन्नाशी ओलांडलेले 1 लाख नाशिककर डोळ्यांसमोर आणा. 2015 ते 2019 या काळात देशातल्या 31 जिल्ह्यांत झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणाचे दर त्यांना लावले, तर त्यांच्यात 1.99 टक्के, म्हणजे 1,990 जण अंध निघतात. त्यातले 66.2 टक्के, म्हणजे 1,300हून अधिक, मोतीबिंदूमुळे. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झाल्यामुळे किती? 1.2 टक्के. माणसांत मोजलं तर 24. आणि वयोमानाने पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, निकामी झाल्यामुळे 0.7 टक्के, म्हणजे 14.

त्याच वर्षांत मधुमेह आणि डोळे यांचं वेगळं राष्ट्रीय सर्वेक्षण 21 जिल्ह्यांत झालं, तेही पन्नाशीपुढच्यांचं. त्याचे दर लावले, तर आपल्या लाखात 11.8 टक्के, म्हणजे 11,800 मधुमेही. त्यातल्या 16.9 टक्क्यांच्या, म्हणजे जवळपास 2,000 जणांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा. नजर धोक्यात येण्याइतका आजार पुढे गेलेले, एकूण मधुमेहींतले 3.6 टक्के. म्हणजे 425.

हे दर देशाचे आहेत, नाशिकची खास मोजणी नव्हे. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या चाळिशीपुढच्या मधुमेहींत आदित्य ज्योत या नेत्रसंस्थेच्या अभ्यासात पडद्याचा आजार 15.4 टक्क्यांत आढळला होता. तेव्हा अंदाज फार भरकटलेला नसावा.

मग एकीकडे 24 आणि दुसरीकडे 425, हे कसं? थोडा भाग काळाचा: आज धोक्यात असलेला माणूस आज अंध नसतो. उरलेलं मोजण्याच्या पद्धतीत आहे. अंधत्व मोजतात ते चांगल्या डोळ्यावरून. त्या डोळ्याने 3 मीटरवरची बोटं मोजता आली नाहीत, तरच माणूस अंध. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्याने कसंबसं भागतंय, तर तो माणूस या यादीत येतच नाही. (2017 पर्यंत आपल्याकडे हीच मर्यादा 6 मीटरची होती, म्हणून जुन्या-नव्या टक्क्यांची सरळ तुलना करून पाठ थोपटून घेणं बरोबर नाही.)

दुसरा नियम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अशा झटपट सर्वेक्षणात एकाच माणसाला दोन आजार असले, तर जो सहज बरा होण्यासारखा, तो कारण म्हणून लिहितात. मोतीबिंदू आणि खराब पडदा दोन्ही असले, तर नोंद मोतीबिंदूची. नियोजनासाठी ते ठीकच आहे. किती शस्त्रक्रिया करायच्या ते कळतं. शिवाय मोतीबिंदू पिकलेला असला की मागचा पडदा तपासणाऱ्यालाही नीट दिसत नाही. मग आजीचं ऑपरेशन होतं, भिंग बसतं, हिरवी पट्टी निघते आणि आजी म्हणतात, “काहीच फरक नाही, ऑपरेशन बिघडलं.” बिघडलेलं काही नसतं. शिबिरात साखर किती वर्षांची हे विचारलं गेलं नाही, किंवा विचारूनही थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा पाहायला वेळ नव्हता, एवढंच.

मॅक्युलाच्या आजाराचं गणित वेगळं. त्याला साखर लागत नाही, वय पुरतं. ‘इंडआय’ या अभ्यासात साठीपुढच्यांत त्याची प्रगत अवस्था 1.2 टक्क्यांत आढळली. 60 ते 64 वयात 0.4 टक्के, तर ऐंशीनंतर 4.6 टक्के. 2011च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाख होती. राज्यात साठीपुढचे 9.9 टक्के होते, तेच प्रमाण धरलं तर जिल्ह्यात सुमारे 6 लाख ज्येष्ठ आणि त्यांत हा आजार प्रगत अवस्थेत पोहोचलेले 7 हजारांच्या घरात. आज ज्येष्ठ वाढलेत, आकडाही वाढलाच असणार. या आजारात कडेची नजर शाबूत राहते. आजोबा घरात न धडपडता फिरतात, पण समोरच्याचा चेहरा ओळखत नाहीत. दाराची सरळ चौकट वाकडी दिसते. घरचे म्हणतात, वय झालं.

मधुमेहाकडे परत यायचं तर शहर-गाव फरकही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मधुमेह पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राच्या शहरी भागात मधुमेह 10.9 टक्के होता, ग्रामीण भागात 6.5. म्हणजे पेठ-सुरगाण्यासारख्या ग्रामीण तालुक्यांपेक्षा नाशिक शहरात रुग्ण दाट. पण पडद्याचे डॉक्टर, पडद्याचे थर दाखवणारं ओसीटी यंत्र, लेझर हेही शहरातच. मॅक्युलाला सूज आली किंवा तिथे नवीन रक्तवाहिन्या फुटल्या, तर डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, आणि ते एकदा घेऊन भागत नाही. सुरुवातीला साधारण दर महिन्याला. 2015 मध्ये यातल्या रॅनिबिझुमॅब या औषधाची भारतीय आवृत्ती बाजारात आली, तेव्हा औषधाचा भार काहीसा हलका झाला. सुरगाण्याहून एसटीने येण्यात जाणारा दिवस आणि सोबत आलेल्या मुलाचा बुडालेला रोजगार मात्र तसाच आहे. पहिल्या एक-दोन इंजेक्शनांत थोडं दिसू लागलं, की पुढची तारीख चुकते ती इथेच.