खाऱ्या वाऱ्यातली तार

दहिसर मागे पडले की लोकलच्या खिडकीतून तिवरांची हिरवी किनार आणि तिच्या आसपास पसरलेली मिठागरांची चौकोनी खाचरे दिसू लागतात, आणि भाईंदरच्या खाडीपर्यंत ती कधी जवळून, कधी दुरून प्रवाशाची सोबत करतात. या मिठागरांनाच ‘आगर’ म्हणत आणि त्यांत राबणाऱ्यांना त्यावरूनच आगरी हे नाव पडले असे मानतात. परंतु ज्या उन्हावर आणि ज्या वाऱ्यावर त्या आगरांचा सारा कारभार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तोच वारा संध्याकाळी मीरा रोडच्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आत शिरतो आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या गिटारीवर हळूहळू आपला अंमल बसवतो, हे मात्र तार बोटाला खरखरीत लागेपर्यंत आपल्या ध्यानी येत नाही. माझ्या गिटारीवरच्या पहिल्या तारा एका आषाढात तीन आठवड्यांतच तांबूस झाल्या, तेव्हा मी दोष तार विकणाऱ्याला दिला होता. तो बिचारा निर्दोष होता, हे पुढे कळले.

दुकानात जाऊन ‘गिटारच्या तारा द्या’ एवढेच म्हणणाऱ्याला बहुधा एकच प्रश्न परत येतो : ‘कितीचा सेट?’ नवशिक्याला हा प्रश्न किमतीचा वाटतो. वस्तुतः तो जाडीचा असतो. ‘दहाचा’, ‘अकराचा’, ‘बाराचा’ अशी ही परिभाषा आहे आणि तिच्यातला आकडा म्हणजे सर्वांत बारीक, म्हणजे पहिल्या तारेचा व्यास, इंचाच्या हजारांश भागांत मोजलेला. बाराच्या संचातली पहिली तार सुमारे ०.३० मिलिमीटर जाडीची असते, तर दहाच्या संचातली ०.२५ मिलिमीटरची. अर्ध्या दशांश मिलिमीटरचा हा भेद डोळ्यांना दिसतही नाही. बोटाला मात्र तो पहिल्याच दिवशी कळतो.

यामागचा नियम फ्रान्समधील मारँ मर्सेन या धर्मोपदेशकाने १६३६ मध्ये ग्रंथबद्ध केला. तारेचा स्वर तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिच्या दर इंचाचे वजन या तिघांच्या संगनमताने ठरतो. गिटारीत लांबी कारागिराने आधीच कायम करून टाकलेली असते (पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींत ती ६४५ मिलिमीटरच्या आसपास असते) आणि स्वरही ठरलेला असतो. मग जाडी वाढवली की तो ठरलेला स्वर गाठण्यासाठी ताण वाढवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शिवाय तारेचे वजन तिच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून दहाच्या जागी बाराची तार चढवली असता जाडी वीस टक्क्यांनीच वाढली तरी ताण चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो. बाराच्या संचातल्या साऱ्या सहा तारांचा ताण एकत्र केला तर तो ७० किलोग्रॅमच्या पलीकडे जातो. आमच्या गावात जिथे तिथे इमारती उठत असल्यामुळे सिमेंटचे पोते सर्वांच्या ओळखीचे आहे, आणि ते ५० किलोचे असते; असे जवळजवळ दीड पोते त्या तीनएक मिलिमीटर जाडीच्या लाकडी तबलीवर अहोरात्र ओढ देत असते, ही गोष्ट एकदा मनात ठसली की ‘जाड तार म्हणजे भारी तार’ हा समज आपोआप गळून पडतो.

म्हणूनच गिटारीचा हा पोलादी संसार तसा अलीकडचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या गिटारींना आतड्याच्या तारा असत आणि त्यांच्या तबलीची बांधणी त्या सौम्य ताणापुरतीच केलेली असे. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या महाप्रदर्शनात हवाई बेटांवरच्या वादकांनी मांडीवर आडवी ठेवून पोलादी तारांची गिटार वाजवली, तिचे वेड अमेरिकाभर पसरले आणि जुन्या कारागिरांना आपल्या वाद्यांची हाडे बळकट करणे भाग पडले. १८३३ पासून चालत आलेल्या मार्टिन या कारखान्याने पोलादी तारांसाठीच बांधलेले आपले पहिले नित्याचे नमुने १९२२ च्या सुमारास बाजारात आणले. ही ऐतिहासिक हकीकत इथे सांगण्याचे कारण निव्वळ व्यावहारिक आहे. नायलॉनच्या तारांची रुंद मानेची जी ‘क्लासिकल’ गिटार असते, तिचा देह आजही त्या जुन्या सौम्य ताणाच्या हिशेबानेच घडवलेला असतो, आणि ‘आवाज खणखणीत यावा’ म्हणून तिच्यावर पोलादी संच चढवणाऱ्याच्या हाती काही दिवसांनी उखडलेली घोडी आणि फुगलेली तबली येते. तार घेण्याआधी आपली गिटार कोणत्या घराण्यातली, याची रुजुवात करून घ्यावी, ती यासाठी.

आता कोणी कितीचा संच घ्यावा? शिकाऊ मुलामुलींनी दहाचा किंवा अकराचा घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘बोटे फुटल्याशिवाय विद्या येत नाही’ म्हणून कोवळ्या हातांना बाराचा संच देणारे गुरुजी माझ्या मते विद्येपेक्षा शिस्तीचीच अधिक काळजी घेतात. मोठ्या पोटाच्या गिटारीवर गाण्याला साथ करताना सपासप हात मारणाऱ्याला बाराचा संच शोभतो, कारण बारीक तारा जोरकस आघाताखाली पडद्यांवर खणखणू लागतात. तेराचा संच ज्याच्या मनगटात बळ आणि ज्याच्या गिटारीच्या हाडांत दम, त्याच्यासाठी. एक मधला मार्गही आहे : बाराच्या तारा अर्ध्या स्वराने उतरवून लावल्या तर ताण सुमारे अकरा टक्क्यांनी कमी होतो आणि जाड तारेचा भरदारपणा बहुतांशी राखला जातो, मानेवर केपोचा चिमटा लावला की मूळ पट्टीही परत मिळते. मात्र दहावरून एकदम बारावर जाताना मानेचा बाक बदलतो, वरच्या खाचा तारेला अपुऱ्या पडतात आणि मानेतल्या ‘ट्रस रॉड’ नावाच्या सळईला थोडा फेर द्यावा लागतो. हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे, स्वतःच्या धाडसावर सोपवू नये.

जाडीचा निवाडा झाला की धातूचा प्रश्न उभा राहतो, आणि इथे मराठी घरातल्या जुन्या मांडणीची ओळख फार उपयोगी पडते. गिटारीच्या वरच्या दोन बारीक तारा नुसत्या पोलादाच्या असतात आणि बहुधा त्यांच्यावर कथलाचा पातळ थर दिलेला असतो. म्हणजे आपली कल्हईच! खालच्या चार तारांत पोलादी गाभ्यावर दुसऱ्या धातूची बारीक तार गुंडाळलेली असते, आणि दुकानात जिला ‘ब्राँझ’ म्हणतात ती ८०/२० तार वास्तविक पितळेची असते, कारण तिच्यात ऐंशी भाग तांबे आणि वीस भाग जस्त असते, आणि तांबे व जस्त एकत्र आले की आपले तांबट त्याला पितळच म्हणतात. तिच्या शेजारी टांगलेली ‘फॉस्फर ब्राँझ’ ही मात्र काशाच्या कुळातली. तिच्यात तांब्याबरोबर सुमारे आठ टक्के कथील आणि फॉस्फरसचा किंचित अंश असतो. डॅडॅरिओ या कारखान्याने ती १९७४ मध्ये गिटारीसाठी प्रथम आणली आणि आज बहुतेक दुकानांत तिचाच वरचष्मा दिसतो. पितळेची तार पहिल्या दिवसांत लखलखीत, किंचित कर्कश म्हणावी इतकी तेजस्वी वाजते आणि लवकर म्लान होते. काशाची तार आरंभापासून थोडी ऊबदार असते आणि आपला स्वभाव अधिक दिवस टिकवते. ज्यांच्या घरी पितळी डबा महिन्यात काळवंडतो आणि काशाची वाटी त्या मानाने धीर धरते, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या गावच्या सतारमेकरांविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण तंबोऱ्याच्या तारांविषयी फारसे कोणी बोलले नाही. जोडाच्या दोन तारा पोलादी आणि खर्ज मात्र पितळेचा किंवा काशाचा, ही त्यातली योजना म्हणजे गिटारीच्या संचामागचीच विचारसरणी : खालच्या स्वराला वजन हवे, ते पोलादातून काढू गेल्यास तार ताठर होते, म्हणून जड धातूचा आश्रय घ्यायचा. तरीही दोन वाद्यांत एक मूलभूत भेद आहे. तंबोऱ्याची रुंद, किंचित गोलाई असलेली घोडी आणि तिच्यावरचा तो सुताचा धागा यांतून जवारी उमटते, आणि तिच्यामुळे तारेतून अशा उपस्वरांची लयलूट होते की सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहून, छेडलेल्या तारेविषयीचा प्रस्थापित नियम इथे कसा मोडतो हे दाखवून दिले. गिटारीची घोडी अरुंद, धारदार काठाची. ती तारेला पदरचे काही देत नाही. गिटारीची सारी झळाळी तारेनेच आपल्या अंगातून द्यायची असते. त्यामुळे वेटोळ्यांच्या फटींत घाम आणि धूळ साचली, तारेवर गंजाचे ठिपके पडले, की तिचे वजन सर्वत्र सारखे राहत नाही, वरचे उपस्वर आधी मरतात, आणि नंतर खुंटी कितीही पिळली तरी वरच्या पडद्यांवर स्वर खोटा लागतो. लोक खुंट्यांना दोष देतात.

आणि हा गंज मीरा रोडला इतक्या तातडीने का येतो, त्याचे उत्तर पुन्हा त्या आगरांतल्या मिठाकडेच जाते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळतो. पावसाळ्यात घरातली मिठाची बरणी ओलसर होते ती म्हणूनच. खाडीवरून आलेला असाच अदृश्य कण, किंवा बोटाच्या घामातला क्षार, तारेवर बसला की त्या जागी खाऱ्या पाण्याचा सूक्ष्म थेंब तयार होतो आणि जेथे कथलाचा थर विरळ असेल तेथून पोलाद कुरतडू लागतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ही मर्यादा जवळजवळ रोजच ओलांडली जाते. पुण्यात महिनाभर ताजी राहणारी तार इथे निम्म्या दिवसांत शिणली, तर त्यात नवल नाही.

याच कारणासाठी इतर गावांत चैन म्हणता येईल असा एक खर्च मी इथे गरजेचा मानतो, तो म्हणजे आवरणाच्या तारांचा. १९९७ मध्ये एलिक्सर या नावाने पहिल्यांदा बाजारात आलेल्या या तारांवर टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, जो वेटोळ्यांच्या फटींत ओल आणि मळ शिरू देत नाही. त्या महाग असतात, पहिल्या दिवसाची झळाळी त्यांच्यात थोडी कमी असते आणि काहींना त्यांचा गुळगुळीत स्पर्श रुचत नाही. पण पावसाळाभर त्या तग धरतात. ज्यांना आवरण नको, त्यांनी निकेल आणि तांब्याच्या मोनेल या मिश्रधातूच्या तारा शोधाव्यात; जहाजांच्या कामात वापरला जाणारा तो धातू खाऱ्या हवेला बुजत नाही, फक्त त्याचा सूर अंमळ जुना, कोरडा आणि कमी लखलखीत असतो. मला तो आवडतो, पण हा आवडीचा प्रश्न आहे.

राहिला नित्याचा शिरस्ता. वाजवण्याआधी हात धुवावेत, वाजवल्यानंतर जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसावी, आणि गिटार खिडकीशी न ठेवता गवसणीत घालून कपाटालगत ठेवावी. पावसाळ्यात तबली ओल पिऊन किंचित फुगते आणि तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात, ही गोष्ट तर इथल्या प्रत्येक वादकाच्या डाव्या हाताला ठाऊक आहे.

माझ्या गिटारीवर सध्या आवरणाचा अकराचा संच आहे. मृगाच्या आधी तो चढवतो आणि नवरात्र संपून हवा जराशी कोरडी झाली की उतरवतो. मग काशाचा बाराचा संच, साधा, बिनआवरणाचा, चार महिन्यांपुरता. काढलेल्या तारा कचऱ्याच्या पिशवीत तशाच टाकू नयेत, त्यांची टोके पिशवी उचलणाऱ्याच्या हातात घुसतात. त्यांचे वेटोळे करून, टोके आत दाबून, कागदात गुंडाळून द्यावीत.