चारही चाकांची ताकद : गरज की हौस?

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची हे घरात ठरले की पुढचा प्रश्न शोरूममध्ये उभा राहतो. सेल्समन विचारतो, "दोन मोटरवाली दाखवू का?" मुलाचे डोळे चमकतात, अब्बा किमतीचा कागद उलटसुलट करून पाहतात आणि अम्मी विचारतात, "त्याने नेमके होते काय?" अम्मींचा हा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर कळले, तर काही लाखांचा निर्णय सोपा होतो.

दोन मोटरी म्हणजे काय?

डिझेलच्या जुन्या फोर बाय फोर जीपमध्ये इंजिन एकच असते. त्याची ताकद पुढच्या व मागच्या चाकांपर्यंत नेण्यासाठी लांब शाफ्ट आणि जादा गिअर लागतात. त्यामुळे वजन वाढते, डिझेलही जास्त जळते. इलेक्ट्रिक गाडीत हा सारा पसारा नसतो. एक मोटर मागच्या चाकांना फिरवते, दुसरी पुढच्या. दोघींचा ताळमेळ गाडीतला संगणक ठेवतो. एखादे चाक घसरू लागले की तो क्षणात तिकडची ताकद कमी करतो आणि जिथे पकड आहे तिथे वाढवतो.

आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच मोटर आहे. नेक्सॉन, विंडसर आणि क्रेटा इलेक्ट्रिक या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मागच्या चाकांवर चालतात. टाटांनी जून २०२५ मध्ये हॅरियर ईव्ही आणली, तिच्यात मात्र दोन्ही प्रकार मिळतात. म्हणून फरक मोजायला तीच गाडी उदाहरण म्हणून घेऊ.

किमतीचा खरा फरक

बाजारात आली तेव्हा हॅरियर ईव्हीचे सर्वांत वरचे एक मोटरचे मॉडेल २७.४९ लाखांना होते आणि दोन मोटरचे २८.९९ लाखांना. या शोरूममधल्या किमती. विमा, नोंदणी वेगळी. म्हणजे फरक दीड लाखाचा. सेल्समन हाच आकडा सांगतो, आणि तो खोटा नाही.

पण कागद आणखी खालपर्यंत वाचावा. तीच ७५ किलोवॅट-तासाची बॅटरी असलेले एक मोटरचे खालचे मॉडेल २४.९९ लाखांना होते. दोन मोटरी तेव्हा फक्त सर्वांत वरच्या मॉडेलमध्ये मिळत होत्या. ज्या घराला वरच्या मॉडेलचा थाटमाट नकोच आहे, त्याच्यासाठी दुसऱ्या मोटरची खरी किंमत दीड नव्हे, चार लाख होते. किमती पुढे बदलत राहतात, पण हिशेबाची रीत हीच.

हे चार लाख कर्जाने घेतले तर ९ टक्के दराने पाच वर्षांत सुमारे ९८ हजार रुपये नुसते व्याज जाते. आपल्यापैकी पुष्कळ घरे व्याजाचे कर्ज टाळतात आणि पैसे साठवून रोखीने गाडी घेतात. दरमहा दहा हजार बाजूला टाकणाऱ्या अशा घराला चार लाख म्हणजे ४० महिन्यांची बचत. तेवढे महिने गाडी लांबते, किंवा मुलीच्या फीसाठी ठेवलेल्या पैशाला हात लागतो.

महागड्या गाड्यांत फरक आणखी मोठा असतो. मार्च २०२४ मध्ये आलेल्या बीवायडी सीलचे मागच्या चाकांवर चालणारे मोठ्या बॅटरीचे मॉडेल ४५.५५ लाखांना होते आणि दोन मोटरचे ५३ लाखांना.

एका चार्जमध्ये किती किलोमीटर कमी?

दुसरी मोटर म्हणजे जादा वजन, म्हणजे वीजही थोडी जास्त. हॅरियर ईव्हीत हा फरक किरकोळ आहे. कंपनीच्या चाचणीत एक मोटरची गाडी एका चार्जमध्ये ६२७ किलोमीटर आणि दोन मोटरची ६२२. सीलमध्ये मात्र ६५० वरून आकडा ५८० वर येतो. म्हणजे सरसकट नियम नाही. ज्या मॉडेलवर मन बसले आहे त्याचे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. रस्त्यावर प्रत्यक्षात चाचणीपेक्षा कमीच अंतर मिळते, हे दोन्हींना लागू आहे.

ती काय करते, काय करत नाही

चारही चाकांची ताकद गाडीला हलवण्यासाठी असते. चिखलात, ओल्या गवतावर, शेवाळलेल्या चढावर थांबलेली गाडी पुढे काढायला ती खरोखर उपयोगी पडते. गाडी थांबवण्यासाठी तिचा असा उपयोग नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. पावसात गाडी किती अंतरावर थांबेल आणि वळणावर सरकेल की नाही, हे मुख्यतः टायरांवर आणि आपल्या वेगावर ठरते. रस्त्यावर साचलेल्या पाण्यात वेगाने शिरले की टायर पाण्यावर तरंगतो. तेव्हा एक मोटर असो वा दोन, स्टिअरिंग हातातून गेल्यासारखेच होते. घसरती गाडी सावरण्याचे काम ईएससी ही यंत्रणा करते. ती एक मोटरच्या गाडीतही असते, आणि आपण घेत असलेल्या मॉडेलमध्ये ती आहे ना, हे विचारून घ्यावे.

पुराच्या पाण्याबद्दलही गैरसमज नको. जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आपण विसरलेलो नाही. फूट-दीड फूट वाहते पाणीही गाडीला उचलू लागते, आणि चाके जमिनीवर टेकलीच नाहीत तर चौघांची ताकद जाणार कुठे?

एक फायदा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. इलेक्ट्रिक गाडीचा पाय उचलला की मोटर गाडीला मागे ओढते आणि बॅटरीत थोडी वीज परत येते. एकच मोटर असेल तर ही ओढ दोनच चाकांवर पडते, आणि निसरड्या उतारावर ती जास्त असेल तर ती चाके सरकू शकतात. दोन मोटरींत ही ओढ चारही चाकांत वाटली जाते. एक मोटरच्या गाडीत अशा उतारावर ही ओढ कमी ठेवली की बहुतेक काम भागते.

घाटाला घाबरायचे कारण नाही

"आमचे गाव घाटाखाली आहे," असे म्हणून बरेच जण दोन मोटरींकडे वळतात. पण कुंभार्ली किंवा आंबा घाटातून इतकी वर्षे भरपावसात चढणारी एसटी मागच्याच चाकांवर चालते. डांबरी घाट चढायला चार चाकांची ताकद लागत नाही.

उलट इलेक्ट्रिक गाडी इथे सोयीची आहे. जड बॅटरी तळाशी असल्याने वजन खाली राहते आणि पुढे-मागे बरेचसे सारखे वाटले जाते. चढावर वजन मागे सरकते, म्हणून मागच्या चाकांची पकड वाढते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी माणसे आणि सामान भरून ओल्या खड्या चढावर नेली तर तिची चाके आधी फिरतात. चढाचे गाव असेल तर पहिला विचार मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा करावा. दोन मोटरींचा त्यानंतर.

मग कोणी घ्यावी?

ज्यांची बाग किंवा पोल्ट्री लाल मातीच्या चढावर आहे आणि पावसाळाभर रोज तिथे जावे लागते, त्यांनी घ्यावी. ज्या डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना रात्री-अपरात्री कच्च्या रस्त्याने निघावेच लागते, त्यांनी घ्यावी. तिथे हा खर्च म्हणजे हौस नाही.

बाकीच्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : गेल्या पावसाळ्यात पकड नाही म्हणून आपली गाडी किती वेळा अडकली? उत्तर "एकदाही नाही" असेल, तर दुसरी मोटर बहुधा फक्त जोराने पळण्यासाठी घेतली जाते. दोन मोटरची हॅरियर ईव्ही ६.३ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर गाठते. ही ताकद नुकताच परवाना मिळालेल्या मुलाच्या हाती द्यायची का, हाही घरात बसून करायचा विचार आहे. वर्षातून एकदा लडाख-काश्मीरला जायचे असेल तर तिथलीच गाडी चालकासह भाड्याने घेतलेली बरी.

पैसे वाचले तर

त्यातले थोडे टायरांवर खर्च करावेत. कायद्याने टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर असाव्या लागतात, पण कोकणच्या पावसात ३ मिलिमीटरवर आले की बदललेले चांगले. इलेक्ट्रिक गाडी जड असते, तिचे टायर लवकर झिजतात. घरी चार्जरसाठी स्वतंत्र वायरिंग आणि चांगले अर्थिंग करून घ्यावे. आणि अडचण फक्त आपल्या दारातल्या चढाची असेल, तर शेवाळ खरवडून तिथे आडव्या चऱ्या पाडलेले खडबडीत काँक्रीट करून घ्यावे. त्याचा फायदा गाडीइतकाच नमाजला निघालेल्या आजोबांच्या पायांनाही होईल.

शेवटी, टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नये. पाऊस पडलेल्या दिवशी एक मोटरची गाडी आपल्या गावी मागवावी. घरातली पाच माणसे बसवावीत, चढाच्या मध्यावर थांबवावी आणि पुन्हा हलवायला सांगावे. चढली, तर चार लाखांचा प्रश्न तिथेच मिटला.