खाडीपलीकडचे माहेर

दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर धोपावे दिसते. मधे वाशिष्ठीची खाडी. दिवसा पलीकडची घरे दिसतात, संध्याकाळी तिथले दिवे दिसतात. माझी आत्या पलीकडे, गुहागर तालुक्यात दिलेली. आजी तिला म्हणायची, "तुला लांब नाही दिली गं, डोळ्यांसमोर दिली." पण डोळ्यांसमोर असणे आणि हाताशी असणे यात किती अंतर असते, ते आमच्या घराने 1999 च्या पावसाळ्यात पाहिले.

आजी पहाटे गेली. पलीकडच्या दुकानात फोन करून निरोप दिला. आत्या अंगावरच्या लुगड्यानिशी धोपाव्याच्या बंदरात आली. खाडीला उधाण होते, वारा सुटला होता. होडीवाल्याने होडी लोटायला नकार दिला. त्यात त्याचे काही चुकले नाही, माणसांचा जीव त्याच्या हाती होता. आत्या मागे फिरली. एस.टी.ने चिपळूण, तिथून खेड, खेडहून दापोली आणि दापोलीहून दाभोळ. ती पोचली तेव्हा दिवस मावळला होता आणि सर्व आटोपले होते. उंबऱ्यावर बसून ती एवढेच म्हणाली, "गाव समोर दिसत होता रे बाबू, पण पाय पोचले नाहीत." मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. ते वाक्य आजही कानात आहे.

ऑक्टोबर 2003 मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. माणसांबरोबर मोटारी, रिक्षा, टेम्पोही खाडीपार नेणारी अशी सेवा आपल्या कोकण किनाऱ्यावर ही पहिलीच. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. हिशेब शिकणाऱ्याला आधी हिशेबच दिसतो. दापोलीहून खेड-चिपळूणमार्गे गुहागर सुमारे शंभर किलोमीटर. दाभोळला खाडी ओलांडली तर ते अंतर जवळजवळ निम्म्यावर येते आणि पाण्यावरचा प्रवास काही मिनिटांचाच.

याच खाडीची आणखी एक गंमत सांगतो. एन्रॉनच्या काळात जगभर गाजलेल्या वीज प्रकल्पाला नाव दाभोळचे, पण प्रकल्प उभा राहिला खाडीपलीकडे अंजनवेलला. आपल्या गावाचे नाव साऱ्या जगात गेले, पण गावातल्या माणसाला पलीकडे जायला होडीच होती.

फेरीबोट चालते कशी?

आमच्याकडे काही लोक तिला जंगलजेटी म्हणतात. तिचा तळ सपाट असतो, म्हणून ती कमी पाण्यातही चालते. पुढच्या बाजूला लोखंडी फळी असते. बोट धक्क्याला लागली की ती फळी खाली येते आणि गाडी सरळ चढते. धक्काही पायऱ्यांचा नसतो, पाण्यात उतरत जाणारा सिमेंटचा उतार असतो. कारण भरती-ओहोटीला पाणी दोन-चार मीटर वर-खाली होते. पाणी कुठेही असो, त्या उतारावर बोट लागण्याजोगी जागा मिळते. जड गाड्या मधे आणि हलक्या कडेला लावतात, म्हणजे तोल राहतो. गाडी लावल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. सुट्टे, पायी आलेले लोक कठड्याशी उभे राहतात.

दाभोळनंतर इतर खाड्यांवरही अशा बोटी आल्या. बाणकोटच्या खाडीवर वेशवी-बागमांडला, शास्त्रीच्या मुखाशी जयगड-तवसाळ, राजपुरीच्या खाडीवर दिघी-आगरदांडा. मार्च 2020 मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी मोठी बोटही सुरू झाली. नकाशा समोर ठेवून पाहा. कोकणचा किनारा खाड्यांनी तोडलेला आहे. प्रत्येक खाडीपाशी रस्ता संपतो आणि आत वळसा घालून जावे लागते. फेरीबोट तोच तुटलेला रस्ता सांधते.

पाण्याची वाट जुनीच

बागमांडल्याची बोट ज्या पाण्यावरून जाते, ती सावित्रीची खाडी आपल्याला परकी नाही. 24 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे प्रतिनिधी मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, आणि 25 तारखेला याच सावित्रीच्या काठी दासगाव बंदरात उतरून महाडच्या सत्याग्रह परिषदेला गेले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हेही मंडणगड तालुक्यातले, आणि वेशवीचा धक्काही त्याच तालुक्यात. कोकणी माणसाचा मुंबईशी व्यवहार तेव्हा बोटीनेच होई. गिरणीत, गोदीत कामाला गेलेला माणूस बोटीने गेला आणि त्याचा पगार, त्याची पत्रे बोटीने आली. पुढे सडक आली आणि ती बोट बंद पडली.

त्या बोटींची एक काळी आठवणही आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोट कलली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि तोल गेला, असे सांगतात. म्हणून फेरीबोटीवर खलाशी "एका बाजूला गर्दी करू नका" म्हणतो तेव्हा त्याच्यावर चिडू नये. लाइफ जॅकेट कुठे ठेवली आहेत, हे चढल्याबरोबर पाहून घ्यावे आणि लहान मुलांनाही दाखवावे.

पायी येणाऱ्याचा हिशेब

आता मुद्द्याची गोष्ट. दिवाळीत आणि मे महिन्यात या धक्क्यांवर पर्यटकांच्या मोटारींची रांग लागते. ते चांगलेच आहे, मोटारींच्या भाड्यावर बोट चालते. पण मी अनेकदा सकाळच्या पहिल्या फेरीने गेलो आहे. त्या फेरीला मोटारी थोड्या आणि माणसे जास्त असतात. मासळीची पाटी घेतलेल्या बाया, शाळा-कॉलेजची पोरे, दवाखान्याचा कागद पिशवीत घालून निघालेला म्हातारा, कोर्टाच्या तारखेला निघालेला कुळवाडी. यांच्याकडून बोटीला फारसे उत्पन्न नाही. पण बोटीवाचून अडते ते यांचेच. मोटारवाला फार तर वळसा घालील, पेट्रोल जाळील. पायी आलेल्याला वळसा म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे तिकीट.

शेजारच्या गोव्यात सरकारचे नदी परिवहन खाते फेरीबोटी चालवते आणि पायी जाणाऱ्याकडून पैसे घेत नाही. दिवाडी बेटावरचा माणूस बोटीत चढतो तो रस्त्यावरून चालल्यासारखा. रस्त्यावर चालायला आपण तिकीट काढतो का? मग जिथे पाणी हाच रस्ता आहे, तिथे निदान विद्यार्थी, रुग्ण आणि रोजंदारीची माणसे यांच्यासाठी पासची सवलत असायला काय हरकत आहे? बोट चालवणाऱ्याला तोटा होत असेल तर तो शासनाने भरून द्यावा. एस.टी.च्या सवलतींचे पैसे शासन देतेच ना!

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर मोठे पूल बांधायचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. पूल व्हावेत, जरूर व्हावेत. मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीसाठी पुलासारखे दुसरे काही नाही. पण एक गोष्ट आजच बोलून ठेवली पाहिजे. पूल महामार्गाला जोडतो, बोट धक्क्याला धक्का जोडते. पुलावरून मोटार सुसाट जाईल, पण डोक्यावर पाटी घेतलेली बाई लांबलचक पूल चालत कशी जाणार? पूल झाला म्हणून बोट बंद केली आणि पुलावरून वेळेवर एस.टी. ठेवली नाही, तर त्या बाईसाठी खाडी पुन्हा 1999 सालची होईल.

म्हणून खाडीकाठच्या बंधू-भगिनींना माझे सांगणे आहे. ग्रामसभेत हे विषय लेखी द्या आणि पोच घ्या. दोन्ही धक्क्यांवर पाणी, सावली आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह हवे. सकाळची पहिली आणि रात्रीची शेवटची बोट यांच्या वेळेला एस.टी. जोडलेली हवी. पास हवेत. आणि पूल झाल्यावर पायी प्रवाशांची सोय काय, हे आधी सांगितले पाहिजे. मी कारकून माणूस आहे. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते आणि आवक क्रमांक पडलेला अर्ज फाइलमध्ये राहतो, हे वीस वर्षे टेबलावर बसून पाहिले आहे.

आत्या आता सत्तरीपुढे आहे. गेल्या वर्षी आजीच्या स्मृतिदिनाला ती एकटीच फेरीबोटीने आली. हातात पिशवी, पिशवीत घरच्या कोकमाची सोले. मी धक्क्यावर घ्यायला गेलो तर म्हणाली, "कशाला आलास? मी काय लांबून आले? समोरूनच तर आले!"

आजी म्हणायची ते आता कुठे खरे झाले होते.