सुकाणूतला 'प्ले' नेमका कुठे?

प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ज्यांनी मुंबई पाहिली आहे, त्यांना चालकाच्या हातातील ते सैल स्टिअरिंग नक्कीच आठवत असेल. सरळ रस्त्यावरही ते सतत डावी-उजवीकडे हलत असे आणि चाकांपर्यंत हुकूम पोहोचण्यापूर्वी दोन-तीन इंच नुसतेच फिरत असे. मेकॅनिक मंडळी त्याला 'प्ले' म्हणत. ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तथापि तिच्या या दुखण्याचे भाऊबंद समुद्रावर अजूनही आहेत. वीस-तीस वर्षे वापरलेल्या आणि चाकाने वळविल्या जाणाऱ्या शिडाच्या नौकांमध्ये हा 'प्ले' बऱ्याचदा आढळतो. फरक इतकाच, की टॅक्सी बिघडली तर ती रस्त्याच्या कडेला लावता येते. खवळलेल्या समुद्रात सुकाणू हातचे गेलेली नौका लाटांना आडवी होते आणि तिथे कडेला लावायला कडच नसते.

सुकाणूचा बिघाड काय करू शकतो, याचे एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या नौकेतून सप्टेंबर २०१७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेस प्रारंभ केला. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ले आणि केपटाउन असे चार थांबे ठरलेले होते. मात्र केपटाउनहून परतताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात पाचवा, न ठरविलेला थांबा घ्यावा लागला. दुरुस्तीनंतर २१ मे २०१८ रोजी 'तारिणी' गोव्यात सुखरूप पोहोचली. नौदलात दाखल होऊन तिला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. जुन्या नौकेच्या मालकाने यावरून काय तो बोध घ्यावा.

चाकापासून पात्यापर्यंत

चाक आणि पाण्यातील सुकाणू यांचा थेट संबंध नसतो, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. बऱ्याच जुन्या नौकांत चाकाच्या आसावर, खांबाच्या आत, एक दातेरी चक्र असते. त्यावरून सायकलसारखी साखळी जाते. साखळीच्या दोन्ही टोकांना पोलादी तारेचे दोर जोडलेले असतात. हे दोर खांबातून खाली उतरतात, कप्प्यांवरून वळतात आणि नौकेच्या मागील भागात पंख्याच्या आकाराच्या एका धातूच्या चौकटीला दोन बाजूंनी येऊन मिळतात. या चौकटीला क्वाड्रंट म्हणतात. ती सुकाणूच्या उभ्या दांड्यावर घट्ट बसविलेली असते. दांडा बुशांमध्ये फिरतो आणि त्याच्या खालच्या भागाला पाते असते. म्हणजे खलाशाचा हात आणि समुद्राचे पाणी यांच्यामध्ये निदान सात-आठ सांधे आले. प्रत्येक सांधा केसभर झिजला, तरी चाकावर त्याची बेरीज चांगली चार बोटे भरते.

आणि बहुतेक मालक चुकतात ते इथेच. चाक सैल लागले, की पाना घेऊन क्वाड्रंटवरील नट आवळायचे, दोर ताणायचा आणि काम झाले असे समजायचे. दोन दिवस चाक घट्ट लागतेही. पण दोष बुशात किंवा दांड्यावरील पकडीत असेल, तर ताणलेला दोर तो केवळ झाकून ठेवतो. शिवाय वीणेच्या तारेसारखा ताणलेला दोर कप्प्यांच्या खिळी झिजवतो, चाक जड करतो आणि पात्यावरील पाण्याचा दाब हाताला जाणवेनासा होतो. शिडाची नौका चालविणाऱ्याला हा दाब जाणवणे फार आवश्यक असते.

म्हणून आधी शोध, मग पाना. नौका शांत पाण्यात उभी असताना चाक दोरीने पक्के बांधावे आणि एकाने मागच्या कप्प्यात उतरून क्वाड्रंट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे ढकलून पाहावा. चाक स्थिर असूनही क्वाड्रंट हलला, तर दोष दोर, साखळी किंवा कप्प्यांत आहे. क्वाड्रंट आणि दांडा यांच्यावरून खडूची एक सरळ रेघ ओढून ठेवावी; जोर लावल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर क्वाड्रंट दांड्यावर सरकतो आहे. अशा वेळी त्याचे बोल्ट सैल झालेले असतात किंवा त्याला दांड्याशी अडकवून ठेवणारी चावी झिजलेली असते. हा दोष सर्वांत फसवा, कारण तो हळूहळू वाढत नाही. एखाद्या मोठ्या लाटेत पकड सुटली, की चाक नुसतेच गरगरते.

कप्प्यांकडे विशेष लक्ष द्यावे. एकाने चाकावर जोर लावावा आणि दुसऱ्याने विजेरी घेऊन पाहावे. कप्पी ज्या फळीवर बसविलेली असते, ती फळी ओलाव्याने कुजली असेल तर जोर येताच कप्पीच वाकते. कप्पीखाली धातूची काळपट भुकटी साचली असेल, तर दोर खाचेतून सरळ न जाता कडेला घासतो आहे असे समजावे. केवळ ताण देऊन हा दोष कधीही जात नाही. कप्पी सरळ रेषेत आणावी लागते.

टिश्यू पेपरची परीक्षा

दोर तपासण्याची रीत मजेशीर आहे. सुकाणूसाठी सामान्यतः लवचिक तारेचा दोर वापरतात. त्याच्या सात लडी आणि प्रत्येक लडीत एकोणीस, अशा १३३ बारीक तारा असतात. त्यांतील एखादी तुटली, तर डोळ्याला दिसत नाही. पण बोटाला मात्र रक्त काढते. म्हणून टिश्यू पेपरची घडी दोराभोवती धरून ती सगळ्या लांबीवरून फिरवायची. कागद जिथे अडकून फाटेल, तिथे तार तुटलेली. एक तार तुटलेली सापडली, तरी दोर बदलावा, हेच शहाणपणाचे. दोन पैसे वाचविण्याची ही जागा नव्हे. स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही, हा समज खाऱ्या हवेत फोल ठरतो. विशेषतः दोराच्या टोकाला दाबून बसविलेल्या नळीच्या आत, जिथे हवा पोहोचत नाही पण मिठाचे पाणी पोहोचते, तिथे तो आतून खाल्ला जातो.

एवढे सगळे ठीक असेल, तरच ताण द्यावा. चाक मध्यावर, पाते सरळ आणि साखळीची दोन्ही टोके दातेरी चक्रापासून समान अंतरावर ठेवून दोन्ही बाजूंचे नट सारखेच आवळावेत. बांधलेल्या चाकाला क्वाड्रंट हलेनासा झाला, की थांबावे आणि वरचे लॉकनट बसवावेत. नंतर चाक मोकळे करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. ते हलके फिरले पाहिजे. नवा दोर पहिल्या काही फेऱ्यांत थोडा लांबतो, त्यामुळे ही तपासणी पुन्हा करावी लागते. साखळीला आणि दोराला पातळ तेलाचा हात पुरतो; जाड ग्रीसमध्ये वाळू आणि मीठ चिकटते.

बुश झिजले असतील तर मात्र नौका पाण्याबाहेर काढण्याला पर्याय नाही. जमिनीवर पाते खालच्या टोकाला धरून हलविले, की बुशातील झीज चटकन कळते. दांडा स्थिर आणि पातेच हलत असेल, तर पात्याच्या आतील धातूचा सांगाडा दांड्यापासून सुटला आहे. ते काम घरगुती नव्हे. मुंबई बंदरातील शिडांचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असतो. पावसाळ्यात नौका बाहेर असताना हे काम उरकता येते, आणि ते नेमके तेव्हाच पुढे ढकलले जाते.

राहता राहिला आपत्कालीन दांडा. चाक निकामी झाले तर डेकवरील झाकण उघडून सुकाणूच्या दांड्याच्या चौकोनी डोक्यावर बसवायची ही लोखंडी मूठ. जुन्या नौकेत ती बहुधा असते, पण नांगराच्या दोराखाली कुठेतरी. आणि डेकवरील झाकण मिठाने इतके घट्ट बसलेले असते, की ते उघडायला हातोडी लागते. हंगामाची पहिली फेरी निघण्यापूर्वी, बंदरातच, तो दांडा लावून नौका एकदा वळवून पाहावी. कधी कधी त्या वेळीच ध्यानात येते, की दांडा चाकाच्या खांबाला अडतो.