उजनी ‘मायनस’मध्ये जाते कशी? सोलापूरचे आकडे, गृहपाठाची गणितं

उन्हाळ्यात सोलापुरात पेपर उघडला की बातमी ठरलेली: उजनी मायनसमध्ये! सातवीतलं पोर लगेच विचारतं, शून्याच्या खाली पाणी कसं असेल? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि शेकडेवारीचा सगळा धडा त्यात आहे.

उजनी धरणात नेहमीच्या पूर्ण पातळीपर्यंत साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठ्याचं, ५३.५७ उपयुक्त साठ्याचं. बातमीतले टक्के फक्त उपयुक्त साठ्यावर काढतात. तो संपला की शून्य, आणि मृतसाठ्याला हात घातला की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या घरात गेलं होतं. आता वही काढा. ५३.५७ चे ६० टक्के म्हणजे ३२.१४. ६३.६६ मधून वजा केले की उरतात ३१.५२ टीएमसी. गाळाचा हिशेब वेगळा, पण कागदावर हे पाणी सोळा खडकवासला धरणांइतकं भरतं! उलट चांगल्या पावसाळ्यात हीच उजनी १११ टक्के भरते, तेव्हा धरणात १२३ टीएमसी असतं. शेकडेवारीत मुलं अडतात ती इथेच. म्हणून गणित सुरू करण्याआधी एक ओळ लिहायची सवय लावा: टक्के कशाचे?

चाटी गल्लीत चादर घेतानाही हाच प्रश्न. हजाराच्या चादरीवर आधी २० टक्के सूट, मग वर आणखी १० टक्के. एकूण ३० नव्हे, २८! कारण दुसरी सूट ८०० वर मिळते. चादर ७२० ला पडते. आणि तोंडी हिशेबाची एक युक्ती: ५० चे १८ टक्के आणि १८ चे ५० टक्के सारखेच. अठराचे निम्मे नऊ, झालं उत्तर.

सरासरीही अशीच चकवते. सोलापूर ते अक्कलकोट ४० किलोमीटर धरा. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०. सरासरी वेग ५०? नाही, ४८! जायला ६० मिनिटं, यायला ४०. शंभर मिनिटांत ८० किलोमीटर झाले. आधी एकूण अंतर, मग एकूण वेळ, मग भागाकार.

आजोबांना औटकी विचारून बघा. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीच्या पंगतीतला हा साडेतीनचा पाढा: औट म्हणजे साडेतीन. घटका २४ मिनिटांची, म्हणजे ‘औट घटकेचं राज्य’ बरोब्बर ८४ मिनिटं टिकतं! हे पाढे पुस्तकातून गेले याची मला खरंच हळहळ वाटते. अपूर्णांकांची भीती त्यांनी पोरांना शिवू दिली नसती.

संभाव्यतेसाठी वर्गच पुरे. २३ मुलं असली की दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. पटत नसेल तर जोड्या मोजा: २३ मुलांच्या २५३ जोड्या होतात.

आणि आता माझा लाडका आकडा. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये ६१७४ ची गंमत जगापुढे मांडली. चार अंक घ्या, मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७ घेऊ. ७२१० वजा ०१२७, उत्तर ७०८३. ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४! तीन पायऱ्यांत पोचलो. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतं.

आता तुमच्या मोबाइलचे शेवटचे चार अंक घ्या. चारही सारखे नसले की झालं. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतील.